वाचकांचे प्रश्न : सातबाऱ्यावर आपलं नाव कुठल्या रकान्यात?

गेल्या दोन-तीन महिन्यांत जी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले त्यातले निम्मे एकाच विषयावर आहेत, इस्राएल आणि आपण. नवापूर, शहादा, धुळे, भुसावळ, सगळीकडून. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले आणि हा एकच विषय घेतलाय. पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिलीये, कारण तो नीट कळला तर पुढचे बरेचसे आपोआप सुटतात.

प्रश्न : पास्टर काका, जय ख्रिस्त. मी नवापूर तालुक्यातली, आम्ही मावची. आमच्या मंडळीत सध्या दोन बाजू झाल्यात. एका भावाने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, त्यात सांगितलं की देवाचे खरे लोक फक्त इस्राएल, आपण परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेले लोक, मागून आलो, आपलं काम त्यांची सेवा करायचं. दुसरे भाऊ म्हणतात की यहुदी लोकांनी ख्रिस्ताला नाकारलं म्हणून देवाने त्यांना कायमचं सोडलं आणि आता मंडळी हीच नवं इस्राएल. माझ्या सासऱ्यांनी विचारलं, मग सातबाऱ्यावर त्यांचं नाव कमी करून आपलं चढवलं, का आपलं नाव नुसतं इतर हक्कात लावलंय? मला उत्तर देता आलं नाही. आम्हाला आयुष्यभर सगळ्यांनी शेवटच्या ओळीतच बसवलंय हो, देवाच्या घरात पण तसंच का?

उत्तर : ताई, तुमच्या सासऱ्यांना माझा सलाम सांगा. या विषयावर मी बरीच जाड पुस्तकं वाचली पण इतका नेमका प्रश्न कुठे वाचला नाही. आधी सरळ उत्तर देतो, मग कारणं. त्यांचं नाव कमी झालेलं नाही. आणि तुमचं नाव इतर हक्कात नाही, मालकाच्या रकान्यात आहे. सामाईक खातं आहे. इफिसकरांस पत्राच्या 3 ऱ्या अध्यायात पौल हेच सांगतो की परराष्ट्रीय लोक ख्रिस्तामध्ये बरोबरीचे वारस झाले, आणि हे आधीच्या पिढ्यांना कळलं नव्हतं असंही तो म्हणतो.

आता सुरुवातीपासून बघू. उत्पत्ती 15 मध्ये देव अब्राहामाशी करार करतो. त्या काळी करार करताना जनावरं मधोमध चिरून दोन बाजूंना मांडत आणि त्यामधून करार करणारे चालत जात, म्हणजे मी शब्द मोडला तर माझं पण असंच होवो. पण इथे अब्राम (अब्राहामाचं आधीचं नाव) गाढ झोपलेला आहे, आणि त्या तुकड्यांमधून धुराची भट्टी आणि जळती मशाल एकटीच जाते. अब्राम चाललाच नाही. सगळा भार देवाने स्वतःवर घेतला. म्हणून जेव्हा कोणी म्हणतं की इस्राएल चुकलं तर करार संपला, तेव्हा मला ती रात्र आठवते, ज्याच्या अंगावर त्या कराराचा भार होता तो तर चुकला नाही ना.

आणि त्याच अध्यायात, 6 व्या वचनात, अब्रामाने विश्वास ठेवला आणि देवाने त्याला नीतिमान मोजलं. सुंता कधी झाली? 17 व्या अध्यायात, तेव्हा त्याचं वय 99. इश्माएल झाला तेव्हा तो 86 वर्षांचा होता, आणि विश्वासाची ही गोष्ट त्याच्याही आधीची. म्हणजे कमीत कमी 13 वर्षं अब्राहाम सुंता न झालेला, तुमच्या-माझ्यासारखाच, फक्त विश्वासावर देवापुढे उभा होता. पौल रोमकरांस पत्राच्या 4 थ्या अध्यायात यावरच बोट ठेवतो. तो सुंता झालेल्यांचा बाप आहे आणि न झालेल्यांचा पण. तेव्हा तुमच्या सासऱ्यांना सांगा, मावची माणूस विश्वासाने येतो तेव्हा तो अब्राहामाच्या घरात मागच्या दाराने येत नाही, ज्या दाराने खुद्द अब्राहाम आला त्याच दाराने येतो.

पण दुसऱ्या भावांचं म्हणणं पण तपासायला पाहिजे. "नवा करार" हा शब्द आपण रोज वापरतो, तो आला कुठून? यिर्मया 31:31. तिथे देव म्हणतो, मी इस्राएलच्या घराण्याशी आणि यहूदाच्या घराण्याशी नवा करार करीन. आपलं नाव त्या वचनात नाहीच! आणि लगेच पुढे, 35 ते 37 वचनांत, सूर्य-चंद्र-ताऱ्यांचे नेम मोडतील तेव्हाच इस्राएलचा वंश माझ्यापुढून नाहीसा होईल असं देव बोलतो. आता विचार करा, ज्या कागदावर आपलं नाव चढलं तो कागदच त्यांच्या नावाने निघालेला आहे. त्यांचं नाव खोडलं तर आपला फेरफार कशाच्या आधारावर टिकणार?

इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगावी लागेल. मी पंचविशीचा होतो, बायबल शाळेतून नुकताच बाहेर पडलो होतो, आणि अमळनेरकडच्या एका खेड्यात उपासनेत मोठ्या जोरात सांगितलं की देवाने ते झाड तोडून टाकलं आणि आपलं नवं झाड लावलं. लोकांनी आमेन पण म्हटलं. उपासना झाल्यावर तिथले एक म्हातारे वडील, बोरांची बाग होती त्यांची, काही न बोलता मला शेतात घेऊन गेले. आपल्याकडे बोरीची कलमं कशी होतात ते सगळ्यांना माहितीये, रानबोरीचा खुंट घ्यायचा, तो छाटायचा, नवा फुटवा आला की त्यावर चांगल्या जातीचा, मेहरूणचा वगैरे, डोळा भरायचा. मूळ रानटी, वर फांदी गोड. खुंटावरून रानटी फुटवे आले की ते काढत राहायचं. बाबांनी मला विचारलं, पौल काय सांगतो, खुंट कोणता आणि डोळा कोणता? मी रोमकरांस 11 उघडलं, आणि तिथेच उभ्या उभ्या मला घाम फुटला. कारण पौलाचं कलम उलटं आहे! झाड चांगलं जैतूनाचं, आणि त्यावर लावलेली फांदी रानजैतूनाची. कुठलाही शेतकरी असं करणार नाही, रानबोरीचा डोळा मेहरूणवर भरला तर फळ रानबोरीचंच येणार, चांगलं झाड वाया. पौलाला हे माहिती नव्हतं असं नाही, 24 व्या वचनात तो स्वतःच म्हणतो की हे निसर्गाच्या विरुद्ध आहे. त्यालाच कृपा म्हणायचं. आपण गोड होतो म्हणून आपल्याला लावलं नाही, लावलं म्हणून मुळाचा रस मिळाला.

मग बाबांनी 18 वं वचन वाचायला लावलं आणि अहिराणीत म्हणाले, "पोरा, तू मूयले सांभायत नई, मूय तुले सांभायस." तीस वर्षं झाली, ते वाक्य मी विसरलो नाही. पुढच्या रविवारी मी त्याच मंडळीपुढे उभा राहून माझी चूक कबूल केली.

पौलाने हे कोणाला लिहिलं ते पण बघा. साधारण इ.स. 49 च्या सुमारास क्लौद्य बादशहाने यहुद्यांना रोममधून घालवलं, प्रेषितांची कृत्ये 18 मध्ये अक्विला आणि प्रिस्किल्ला त्याच कारणाने करिंथला आलेले दिसतात. मग रोमच्या मंडळीत उरले ते बहुतेक परराष्ट्रीय. काही वर्षांनी बादशहा बदलला, यहुदी विश्वासणारे परत आले, आणि पौल साधारण 57 साली करिंथहून पत्र लिहितो तेव्हा तिथले परराष्ट्रीय त्यांच्याकडे जरा वरून बघू लागले असावेत असं पत्र वाचून वाटतं. घरमालक बाहेरगावी गेला, भाडेकरूने घर सांभाळलं, आणि मालक आल्यावर त्यालाच विचारतोय, तुम्ही कोण? म्हणून पौल इतका कडक बोलतो, फांद्यांपुढे बढाई मारू नको.

आणि ज्या भावाने तो व्हिडिओ दाखवला त्यांना ही गोष्ट सांगा. यरुशलेमच्या मंदिरात एक आडवी भिंत होती आणि तिच्यावर ग्रीक भाषेत पाट्या होत्या की कोणीही परका आत येऊ नये, सापडला तर स्वतःच्या मरणाला तोच जबाबदार. यातली एक दगडी पाटी 1871 मध्ये सापडली, आज ती इस्तंबूलच्या म्युझियममध्ये आहे. पौलाला मंदिरात धरलं ते याच आरोपावर की त्याने इफिसच्या त्रफिमाला आत आणलं. आणि त्याच पौलाच्या इफिसकरांस पत्रात म्हटलंय की ख्रिस्ताने दोघांमधली आडभिंत पाडली. आता भिंत ख्रिस्ताने पाडलीये, ती आपण नंदुरबार जिल्ह्यात पुन्हा कशाला बांधायची? रूथ मवाबी होती, परकी, विधवा, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी, आणि तिचं नाव मत्तयाच्या पहिल्याच पानावर ख्रिस्ताच्या वंशावळीत आहे. ताई, तिला कोणी शेवटच्या ओळीत बसवलं नाही. तुम्हाला पण नाही.

प्रश्न : शहाद्याहून एक तरुण भाऊ विचारतात : आमच्याकडे काही जणांनी शनिवार पाळायला सुरुवात केली, डोक्यावर यहुदी शाल घेतात, शिंग फुंकतात, आणि म्हणतात वल्हांडण आणि मंडपाचा सण पाळल्याशिवाय तारण पूर्ण नाही. कलम झालंय तर झाडासारखं वागायला नको का?

उत्तर : भाऊ, हा प्रश्न पहिल्या मंडळीतच सुटलेला आहे. प्रेषितांची कृत्ये 15, यरुशलेमची सभा. काही जण म्हणत होते सुंता केल्याशिवाय तारण नाही, आणि पेत्र, पौल, बर्णबा, याकोब, सगळे यहुदीच बरं का, यांनी बसून ठरवलं की परराष्ट्रीयांवर ते जू ठेवायचं नाही. फक्त चार गोष्टी सांगितल्या, मूर्तीला वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि व्यभिचार यांपासून दूर राहा. म्हणजे परराष्ट्रीयाने परराष्ट्रीय राहूनच आत यायचं. पावरा पावराच राहील, भिल्ल भिल्लच राहील, आपल्या ढोलावर गाणं म्हणेल, आणि तरी पूर्ण वारस. सण समजून घ्या, वल्हांडण कळला तर प्रभुभोजन जास्त खोल कळतं, मी स्वतः मंडळीत शिकवतो. पण तारणाची अट म्हणून कोणी गळ्यात घालत असेल तर गलतीकरांस पत्र एका बैठकीत वाचून काढा, पौल इतका चिडलेला दुसऱ्या कुठल्या पत्रात दिसत नाही.

प्रश्न : रोमकरांस 11:26, "सर्व इस्राएल तारले जाईल". म्हणजे नक्की कोण? प्रत्येक यहुदी? का आपण सगळे मिळून? आमच्या भुसावळच्या बायबल स्टडीत यावरून वाद होऊन दोन जणांनी यायचंच बंद केलं.

उत्तर : आधी त्या दोघांना फोन करा, मग पुढचं वाचा.

यावर थोर माणसांचं पण एकमत नाही. कॅल्विनने इथे "सर्व इस्राएल" म्हणजे यहुदी आणि परराष्ट्रीय मिळून देवाची सगळी मंडळी असा अर्थ घेतला. काही जण म्हणतात की प्रत्येक पिढीत जे थोडे थोडे यहुदी विश्वास ठेवतात, ज्यांना पौल अवशेष म्हणतो, त्या सगळ्यांची बेरीज म्हणजे सर्व इस्राएल, एलियाला वाटलं मी एकटाच उरलो आणि देव म्हणाला माझे सात हजार आहेत, तसं. आणि तिसरं मत, शेवटी एक दिवस असा येईल की यहुदी लोक एक समाज म्हणून मोठ्या संख्येने आपल्या मशीहाकडे वळतील.

माझं मन तिसऱ्याकडे जातं. कारण साधं आहे, 9 ते 11 या तीन अध्यायांत पौल इस्राएल हा शब्द पुन्हा पुन्हा आपल्या रक्ताच्या लोकांसाठी वापरतो, आदल्याच 25 व्या वचनात पण, इस्राएलचा काही भाग कठीण झाला परराष्ट्रीयांची भरती होईपर्यंत, मग एका ओळीत अर्थ बदलेल असं मला वाटत नाही. 9:6 मध्ये तो म्हणतो की इस्राएलपासून झालेले सगळे इस्राएल नाहीत, पण तिथे पण तो यहुद्यांमध्येच फरक करतोय, बाहेरच्यांना ते नाव देत नाहीये. पण "सर्व" म्हणजे एकूण एक माणूस असं धरायची गरज नाही, आपण नाही का म्हणत सगळं गाव जत्रेला गेलं.

अजून एक मत हल्ली ऐकू येतं, की यहुद्यांचा करार वेगळा, आपला वेगळा, त्यांना ख्रिस्ताची गरजच नाही. हे म्हणणाऱ्यांच्या मनात चांगला भाव असतो, पण मला ते पटत नाही, कारण मग पौल रडतो कशाला? 9 व्या अध्यायाच्या सुरुवातीला तो म्हणतो, माझ्या भाऊबंदांसाठी मी स्वतः ख्रिस्तापासून तोडला गेलो तरी चालेल. त्यांची सोय दुसरीकडे झालेली असती तर त्याच्या डोळ्यांत हे पाणी आलं नसतं. झाड एकच आहे. तुटलेल्या फांद्या देव पुन्हा लावू शकतो, तो म्हणतो, आणि त्या तर मूळच्याच, त्या आपल्यापेक्षा सोप्या धरतील. आणि हे सगळं लिहून झाल्यावर पौल व्याख्या देत बसत नाही, तो 33 व्या वचनापासून देवाची स्तुती करायला लागतो. बायबल स्टडी पण तशीच संपवा.

प्रश्न : आज जो इस्राएल देश आहे, तोच बायबलमधला इस्राएल का? आमच्या चर्चमध्ये त्यांचा झेंडा लावलाय. काही जण म्हणतात त्या देशावर एक शब्द बोललात तर शाप लागेल.

उत्तर : 14 मे 1948 ला जो देश उभा राहिला ते एक राज्य आहे, सरकार आहे, निवडणुका आहेत, तिथे सगळे यहुदी पण नाहीत, अरब नागरिक पण आहेत. दोन हजार वर्षं जगभर विखुरलेला समाज टिकून राहिला यात मला देवाची राखण दिसते, हे मी मनापासून सांगतो. पण एखाद्या सरकारच्या प्रत्येक निर्णयावर देवाचा शिक्का आहे असं मी म्हणणार नाही. यशया, आमोस, यिर्मया यांनी आपल्याच राजांना तोंडावर सुनावलं, आणि इस्राएलवर त्यांच्यापेक्षा जास्त प्रेम कोणी केलं?

देवाची योजना इस्राएलसाठी वेगळी आणि मंडळीसाठी वेगळी, दोन वेगळे लोक, ही जी शिकवण बऱ्याच व्हिडिओंमध्ये असते ती 19 व्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांच्यापासून पसरली, आणि 1909 मध्ये स्कोफिल्ड यांचं टिपांसहित बायबल आल्यावर घरोघरी गेली. ती मानणारे पुष्कळ प्रामाणिक विश्वासणारे आहेत, माझे मित्र आहेत. पण ती म्हणजेच बायबल असं समजू नका, मंडळीने पहिली अठरा शतकं ती तशी मांडली नव्हती.

आणि एक गोष्ट आपण विसरतो. बेथलेहेममध्ये, नासरेथमध्ये आजही अरब ख्रिस्ती राहतात, अरबीत प्रार्थना करतात, ते पण आपल्यासारखेच कलम केलेले. झेंड्याच्या जागी क्रूस पुरे आहे. सायरन वाजल्यावर आपल्या लेकरांना छातीशी धरणारी यहुदी आई आणि ढिगाऱ्यात आपली लेकरं शोधणारी पॅलेस्टिनी आई, दोघींची नावं एकाच प्रार्थनेत घ्या. अब्राहामाला दिलेलं वचनच असं आहे की त्याच्याद्वारे पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांना आशीर्वाद मिळेल.

प्रश्न : धुळ्याहून कॉलेजची एक मुलगी : वर्गात एकाने म्हटलं की तुमच्या धर्मानेच यहुद्यांचा छळ केला. मी नाही म्हटलं. मी बरोबर बोलले का?

उत्तर : बाळा, नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतं पण खोटं सांगणार नाही. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर यांनी आपण ख्रिस्तीच खरे इस्राएल असं मांडलं. क्रिसोस्तोम, इतके मोठे उपदेशक, त्यांनी 386-87 मध्ये अंत्युखियात यहुद्यांविरुद्ध जे उपदेश केले ते वाचवत नाहीत. मार्टिन ल्यूथर, ज्यांच्यामुळे आपल्याला विश्वासाने तारण हे पुन्हा स्पष्ट कळलं, त्यांनी 1543 मध्ये यहुद्यांची सभास्थानं जाळा असं लिहिलं, आणि चारशे वर्षांनी नाझींनी ते लिखाण वापरलं. साठ लाख यहुदी मारले गेले, ते पण ज्या खंडात गल्लोगल्ली चर्च आहेत तिथे. "त्यांचं नाव कमी झालं" ही शिकवण वहीतच राहत नाही गं, ती माणसांपर्यंत पोचते. रोमन कॅथलिक चर्चने 28 ऑक्टोबर 1965 ला नोस्त्रा एताते या घोषणापत्रात स्पष्ट म्हटलं की ख्रिस्ताच्या मरणाचा दोष त्या वेळच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येत नाही, आणि रोमकरांस 11 मधलंच जैतूनाचं झाड तिथे घेतलं. उद्या वर्गात जा आणि त्या मुलाला सांग, तू म्हणालास ते खरं होतं.

प्रश्न : काका, मी यहुदी माणूस आयुष्यात पाहिला नाही. ज्यांना पाहिलंच नाही त्यांच्याविषयी एवढं का बोलायचं? (चाळीसगाव)

उत्तर : पाहिला नसेल, पण ते आपल्याच राज्यातले आहेत. कोकणात बेने इस्राएल शतकानुशतकं राहिले, घरी मराठीच बोलत. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना शनवार तेली नाव पाडलं. शास्त्र शिकवणारे धर्मगुरू जवळ नव्हते तरी शब्बाथ, सुंता आणि "शेमा इस्राएल" ही प्रार्थना त्यांनी सोडली नाही. 1948 नंतर बरेच जण इस्राएलला गेले, आणि तिथे त्यांनाच विचारलं गेलं की तुम्ही पक्के यहुदी आहात का, लग्नं अडली, त्यांनी धरणं धरलं, शेवटी 1964 मध्ये तिथल्या संसदेने ते सर्व बाबतीत यहुदीच आहेत असं जाहीर केलं. "तू खरा आतला का?" हा प्रश्न ऐकल्यावर पोटात कसं होतं ते नवापूरच्या ताईंना माहिती आहे आणि त्यांना पण माहिती आहे.

कधी अलिबागला गेलात तर इस्रायल आळीत जा, तिथे त्यांचं जुनं सिनेगॉग, म्हणजे सभास्थान, आहे. कोणी भेटलं तर आधी मराठीत नमस्कार करा, आणि वाद काढू नका, त्यांच्या घरचं ऐका.